तारे त्यांचे, दर्या आपला

चैत्र पौर्णिमेला डहाणू तालुक्यातील विवळवेढे येथे श्रीमहालक्ष्मीची यात्रा सुरू होते आणि पुढे पंधरा दिवस मुंबई-अहमदाबाद महामार्गालगतचा तो परिसर माणसांनी फुलून जातो. जव्हारच्या मुकणे राजघराण्याचा ध्वज घेऊन वाघाडीचा पुजारी मध्यरात्री डोंगराचा अवघड सुळका चढतो. वारली, मांगेला, वैती, भंडारी अशा सर्वांची ती आई आहे. तिच्या दारात डोंगर आणि दर्या एकत्र येतात. हे केवळ अलंकारिक बोलणे नव्हे. यात्रेच्या बाजारात पाळणे असतात, बांगड्या असतात, तसाच सुक्या मासळीचा बाजारही असतो. किनारपट्टीवरच्या बायका सुके बोंबील, सुकट, जवळा घेऊन येतात आणि डोंगरपट्टीतील वनवासी कुटुंबे पावसाळ्याची आगोट तेथेच भरतात. कडक उन्हात बांबूच्या वलांडीवर सुकविलेला तो बोंबील समुद्र बंद असताना झोपडीतल्या चुलीवर शिजतो. त्याला शीतगृह लागत नाही, वीज लागत नाही, विमान तर नाहीच नाही. आणि त्या टोपलीवर कोणत्याही संस्थेचे निळे-हिरवे प्रमाणपत्र चिकटविलेले नसते.

याच महामार्गाने दक्षिणेकडे काही तास गेले की मुंबईतील बडी उपाहारगृहे लागतात. तेथे नॉर्वेचा सामन मासा विमानाने आणलेला असतो आणि तो कसा 'जबाबदारीने' वाढविलेला आहे, याची दोन ओळींची प्रशस्ती पदार्थांच्या यादीत छापलेली असते. जेवणारा त्या दोन ओळींचे पैसे आनंदाने मोजतो. समुद्राची काळजी घेतल्याचे समाधान त्याला बिलासोबत मिळते. हजारो मैल उडून आलेला मासा पर्यावरणस्नेही, आणि विवळवेढ्याच्या बाजारातील बोंबील मात्र गरिबाचे वास मारणारे खाणे! ही विसंगती ज्यांना खटकत नाही, त्यांच्या बुद्धीवर कोणाचे राज्य आहे, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे.

टायर विकणाऱ्यांनी दिलेले तारे

ज्या ताऱ्यांसाठी जगातील स्वयंपाकी जीव टाकतात, त्यांचा उगम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. फ्रान्समधील मिशेलिन ही टायर बनविणारी कंपनी. १९०० मध्ये तिने मोटारचालकांसाठी एक मार्गदर्शिका काढली. लोकांनी मोटारी अधिक फिरवाव्यात, म्हणजे टायर अधिक झिजतील आणि अधिक खपतील, हा त्यामागचा सरळ व्यापारी हिशेब होता. १९२६ मध्ये उपाहारगृहांना तारा देण्यास आरंभ झाला आणि १९३१ मध्ये एक, दोन, तीन अशा पायऱ्या आल्या. शंभर वर्षांपूर्वीची ही विक्रीची युक्ती आज पाककलेचे सर्वोच्च न्यायालय होऊन बसली आहे. पुढे २००२ मध्ये एका ब्रिटिश नियतकालिकाने जगातील पन्नास सर्वोत्तम उपाहारगृहांची यादी सुरू केली आणि २०१३ पासून आशियासाठी वेगळी यादी निघू लागली. कोणी काय खावे आणि कशाला उत्तम म्हणावे, हे पॅरिस आणि लंडन येथे ठरते. कुलाबा आणि कोथरूड ते प्रमाण मानतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. परकीय पुरस्कार मिळविणाऱ्या भारतीयांचे कर्तृत्व नाकारण्याचे कारण नाही. विनीत भाटिया आणि अतुल कोचर यांनी २००१ मध्ये लंडनमध्ये भारतीय स्वयंपाकाला पहिले तारे मिळवून दिले. मुंबईत वाढलेल्या गरिमा अरोरा यांनी २०१८ मध्ये बँकॉक येथे तो मान मिळविला. असा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. २०२५ मध्ये दुबईतील 'ट्रेसिंड स्टुडिओ' हे तीन तारे मिळविणारे पहिले भारतीय उपाहारगृह ठरले. ज्या इंग्रजाने भारतीय अन्नाला केवळ 'करी' या एका शब्दात गुंडाळले होते, त्याच्याच नगरीत हे अन्न मानाने वाढले गेले, याचा अभिमान कोणालाही वाटावा. डहाणू तालुक्यातील गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या कलेची वाहवा परदेशातही झाली, म्हणून ती परकी होत नाही. त्यांनी रंगविलेली मासेमारीची जाळी पाहिली की सागर आणि वन यांचे नाते एका कलावंताने किती जाणले होते, ते कळते. आक्षेप पुरस्कारावर नाही. परक्याने पाठ थोपटल्यावाचून आपल्या घरातील वस्तू चांगली आहे असे ज्याला वाटतच नाही, त्या आत्मविस्मृत मनावर आहे.

२०२० मध्ये याच मिशेलिनने 'हिरवा तारा' काढला. निसर्गाचा तोल सांभाळून स्वयंपाक करणाऱ्यांसाठी हा मान होता. कल्पना उत्तम! परंतु तोल ढळविला कोणी, याचाही हिशेब मांडला पाहिजे.

ज्यांनी समुद्र उपसला

अमेरिकेत १९८० च्या दशकात पॉल प्रुडोम नावाच्या नामवंत बल्लवाचार्याने 'रेडफिश' नावाचा मासा मसाल्यात काळाकुट्ट भाजून वाढण्याची टूम काढली. ती इतकी लोकप्रिय झाली की मेक्सिकोच्या आखातातील त्या माशाची पाण्यातील संख्या झपाट्याने घसरली आणि शेवटी सरकारला त्याच्या व्यापारी मासेमारीवर बंदी घालावी लागली. एका पदार्थाने एका माशाचा कणा मोडला. दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. दक्षिण ध्रुवाजवळच्या थंड पाण्यात 'टूथफिश' म्हणजे दातवाला मासा राहतो. हे नाव ऐकून कोण खाईल? १९७७ मध्ये ली लँट्झ या अमेरिकी व्यापाऱ्याने त्याचे 'चिलियन सी बास' असे गोंडस बारसे केले. नाव बदलताच तो बड्या टेबलांवर जाऊन बसला आणि त्यासाठी दक्षिण सागरात चोरटी मासेमारी इतकी बोकाळली की २००२ मध्ये अमेरिकेतील शेकडो उपाहारगृहांच्या स्वयंपाक्यांना तो न वाढण्याची मोहीम उघडावी लागली. आधी भूक वाढवायची, मग संयमाची शपथ घ्यायची आणि त्या शपथेबद्दल टाळ्याही मिळवायच्या!

कॅनडाच्या किनाऱ्यावरील कॉड माशाची कथा सर्वांत करुण आहे. शतकानुशतके युरोपाला पोसणारा तो मासा यांत्रिक जहाजांनी इतका ओरबाडला की जुलै १९९२ मध्ये कॅनडा सरकारला ती मासेमारी बंद करावी लागली आणि हजारो कुटुंबांची रोजी-रोटी एका दिवसात गेली. या विनाशानंतर पाचच वर्षांनी, १९९७ मध्ये, युनिलिव्हर ही बहुराष्ट्रीय कंपनी आणि जागतिक वन्यजीव निधी यांनी मिळून मत्स्यव्यवसायाला प्रमाणपत्र देणारी संस्था स्थापन केली. तिचा निळा शिक्का आज जगभरच्या दुकानांत दिसतो. भारतात हा शिक्का सर्वप्रथम २०१४ मध्ये केरळमधील अष्टमुडी सरोवरातील शिंपल्यांना मिळाला. तेथील मच्छीमारांचे अभिनंदनच केले पाहिजे. पण प्रमाणपत्राची तपासणी खर्चिक असते, कागदपत्रे किचकट असतात आणि लहान होडीचा मालक त्या वाटेला सहसा जाऊ शकत नाही. ज्याने कमीत कमी ओरबाडले तो शिक्क्याविना राहतो.

शिक्का कधी कधी शस्त्रही होतो. कासव वाचविणारी चौकट जाळ्यात बसविलेली नाही, या कारणास्तव अमेरिकेने कोळंबीची आयात अडविली, तेव्हा भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली. १९९८ मध्ये अमेरिकेने कायदा भेदभावाने राबविल्याचा निर्णय झाला. तरीही पुढे भारतातील समुद्रात पकडलेल्या कोळंबीला अमेरिकेचे दार बंद झाले. कासवे वाचलीच पाहिजेत, यात दुमत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावाने २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या साहाय्याने ती वाचवूनही दाखविली आहेत, आणि तीही वॉशिंग्टनची आज्ञा न येता.

परदेशी ताटाची भूक डहाणू-पालघरच्या किनाऱ्यापर्यंत कशी पोहोचते, याचे ताजे उदाहरण घोळ माशाचे आहे. २०२१ मध्ये पालघर तालुक्यातील मुरबे येथील एका मच्छीमाराच्या जाळ्यात एकाच फेरीत सुमारे दीडशे घोळ सापडले आणि त्यांना सव्वा कोटी रुपयांहून अधिक किंमत आली. वर्तमानपत्रांनी त्याला दर्याने दिलेला जॅकपॉट म्हटले. ही किंमत मासळीच्या चवीची नव्हती. घोळाच्या पोटातील हवेच्या पिशवीची, किनाऱ्यावर जिला बोत म्हणतात तिची होती. हाँगकाँग, सिंगापूर येथील श्रीमंतांच्या भोजनात आणि औषधांत तिला सोन्याचा भाव आहे. त्या मच्छीमाराचे नशीब फळफळले, याचा आनंदच आहे. पण जेथे एका फेरीची बातमी होते, तेथे तो मासा मुळात किती दुर्मीळ झाला आहे, हे वेगळे सांगायला नको.

नारळाआधी होड्या

आता आपल्या परंपरेकडे वळावे. आषाढ-श्रावणात दर्या खवळलेला असतो आणि अनेक माशांचा हा वीण घालण्याचा काळ असतो. कोळी, मांगेला, वैती समाज या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतो, जाळी विणतो, डागडुजी करतो. श्रावणी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यावरच नवे वर्ष सुरू होते. इकडे किनाऱ्यापासून दूरच्या मासे खाणाऱ्या घरांतही श्रावण पाळला जातो. मागणी आणि पुरवठा दोन्ही एकाच वेळी थांबविणारी इतकी सहज व्यवस्था कोणत्या व्यवस्थापनशास्त्राने शोधून काढली आहे? पुरस्कार नाही, दंड नाही, निरीक्षक नाही. केवळ एक सण आणि एक व्रत. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये मुंबईत दिलेल्या व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले, तेव्हा निसर्गाकडून घेण्याला मर्यादा हवी, हा विचार त्यात होताच. गाईचे दोहन करावे, तिचे रक्त काढू नये, हे ज्या समाजाला कळते, त्याला शाश्वत उपभोगाची दीक्षा परक्याकडून घेण्याची गरज नव्हती.

गंमत अशी की, एकेकाळी शासनालाही हे कळत होते. महाराष्ट्रात पूर्वी मासेमारी बंदीचा काळ १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत असे. सरकारी आदेशात पंचांगातील तिथी! पुढे संपूर्ण पश्चिम किनाऱ्यासाठी एकच नियम करण्यात आला आणि १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस ठरले. एकसूत्रतेचा लाभ आहेच. शेजारच्या राज्याची जहाजे आपल्या पाण्यात येऊन हात मारणार नाहीत, असा हेतू होता. परंतु सणाशी असलेला धागा तुटला. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्याने नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला होती. म्हणजे १ ऑगस्टला यांत्रिक नौका समुद्रात गेल्या आणि नारळ पडला तो एका महिन्यानंतर! बंदी किमान १५ ऑगस्टपर्यंत वाढवावी, ही मागणी पारंपरिक मच्छीमारांच्या संघटना सातत्याने करीत आहेत. स्वतःच्या रोजगाराचे पंधरा दिवस सोडून द्यायला तयार असलेला हा समाज आहे. त्याच्याकडे दुर्लक्ष करून परदेशी हिरव्या ताऱ्यांचे कौतुक करणाऱ्यांनी थोडे लाजावे.

घरातला दोष

मात्र केवळ परक्यांकडे बोट दाखवून भागणार नाही. परंपरेचा गौरव करणे सोपे. ती पाळणे कठीण. आज किनाऱ्यावर जे चालले आहे, ते नारळी पौर्णिमेच्या गाण्यांत बसणारे नाही. पर्ससीन जाळी थव्याच्या थवे एका वेळी गिळतात. राज्य शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांवर निर्बंध घातले. प्रखर एलईडी दिव्यांनी मासळीला भुलवून पकडण्यावर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली. आदेश निघाले, पण रात्री समुद्रात उजेड दिसल्याच्या पारंपरिक मच्छीमारांच्या तक्रारी थांबल्या नाहीत. हे दिवे लावणारे कोणी विलायतेहून आलेले नाहीत. मोठ्या नौकेने लहान होडीचा घास गिळावा, यालाच कौटिल्याने मात्स्यन्याय म्हटले आणि दंडशक्ती नसली की तो माजतो, असे बजावले. दंडशक्ती आज कोणाच्या हाती आहे, हे वाचकांना ठाऊक आहे. आपले म्हणून त्यांना प्रश्न विचारायचे नाहीत, हा काही संघटनेचा संस्कार नव्हे.

पापलेटाचेच पाहा. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याला महाराष्ट्राचा राज्यमासा घोषित करण्यात आले. सातपाटीच्या मच्छीमारांच्या आग्रहाला आलेले ते फळ होते. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटासाठी ती १३५ मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटीमीटर आहे. शाळकरी मुलाच्या कंपासपेटीतील पट्टी पंधरा सेंटीमीटरची असते. त्या पट्टीहून दीड सेंटीमीटर लहान, इतका मासा तरी सोडून द्यावा, एवढीच अपेक्षा आहे. तरी बाजारात तळहातावर मावतील अशी पापलेटे वाट्याने मांडलेली दिसतात आणि ती घेणारे हात मध्यमवर्गीयांचेच असतात. ताटात एकेकाला अखंड एक यावे, तुकडे करावे लागू नयेत, मुलांना काटा लागू नये, अशी कारणे असतात. अंडी घालण्यापूर्वीच मासा तळला गेला, तर पुढच्या वर्षी जाळ्यात काय येणार? शतपथ ब्राह्मणातील मत्स्याची कथा घरोघरी सांगितली जाते. मनूच्या ओंजळीत एक इवलासा मासा आला आणि मोठ्या माशांपासून माझे रक्षण कर, असे म्हणाला. मनूने त्याला घागरीत, मग तळ्यात, मग समुद्रात वाढविले. आणि प्रलयात त्याच माशाने मनूची नौका तारली. ही कथा मुलांना झोपताना सांगायची आणि सकाळी बाजारात इवलेसे मासे भाव करून घ्यायचे, यात काही विसंगती आहे की नाही?

अनेक शाकाहारी घरांना वाटेल, हा विषय आपला नाही. तसे म्हणून सुटता येणार नाही. किनाऱ्यावरील लक्षावधी हिंदू बांधवांचा तो संसार आहे, आणि समाज एक आहे असे म्हणायचे तर त्याच्या चुलीचाही विचार करावा लागतो. शिवाय समुद्र केवळ जाळ्यांनी रिता होत नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील सांडपाण्याने नवापूर परिसरातील खाड्या आणि समुद्र नासला, म्हणून अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली आणि लवादाने २०२२ मध्ये प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना भरपाई देण्यास सांगितले. पर्यावरणाच्या परिसंवादांत ज्यांचे नावही घेतले जात नाही, अशा एका ज्ञातिसंस्थेने हा लढा दिला! डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित आहे. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण येथे परदेशी कंपनीचे बंदर येऊ दिले नव्हते. आता तेथेच राष्ट्रीय बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली आहे. सागरी सामर्थ्याशिवाय राष्ट्र मोठे होत नाही, हे छत्रपती शिवरायांनी ओळखले होते, आणि त्यांचे आरमार याच किनाऱ्यावरील दर्यावर्दींच्या बळावर उभे राहिले, हेही विसरता येत नाही. वरोर, वाढवण, धाकटी डहाणू येथील मच्छीमाराचे नुकसान किती, हे त्याच्या ओटीवर बसून मोजले पाहिजे; त्याची हरकत ही विकासातील अडगळ नव्हे. राष्ट्रहित आणि त्याचे हित यांची सांगड घालणे हे सत्तेचे काम आहे, ते त्याच्या सहनशीलतेवर ढकलून चालणार नाही.

मुंबईतील काही तरुण संशोधकांनी पश्चिम किनाऱ्यासाठी कोणत्या महिन्यात कोणता मासा टाळावा, याची दिनदर्शिका तयार केली आहे. उपक्रम चांगलाच आहे. ती वाचताना कोळिणीला मात्र हसू येईल, कारण तिच्या सासूला ती तोंडपाठ होती. पापलेट, सुरमई आणि कोळंबी या तिघांपलीकडे मासळी नाही, अशी शहरी समजूत झाली, तेव्हा ते ज्ञान निरुपयोगी ठरले. बोंबील, मांदेली, बांगडा, मुडदुशी, शिंगाळा असे किती तरी मासे वेगवेगळ्या महिन्यांत ताटात येत. एकावर भार पडत नसे. आज लग्नसमारंभाच्या जेवणावळीत बारा महिने पापलेट हवे, बंदीच्या काळातही हवे. मग शीतगृहातला, परराज्यातला, कसाही चालतो. प्रतिष्ठेची व्याख्या हॉटेलच्या यादीवरून ठरू लागली की यजमान तरी काय करील!

शासनाने जुन्या नियमातील नारळी पौर्णिमा पुन्हा आणावी, यासाठी किनाऱ्यावरील संघटनांच्या पाठीशी शहरातील शाखांनी आणि मंडळांनी उभे राहावे. पत्र लिहिणे, स्वाक्षऱ्या गोळा करणे, आमदाराला भेटणे ही कामे कार्यकर्त्यांना नवीन नाहीत. घरच्या कर्त्या बाईचे काम त्याहून सोपे आहे. मॉलच्या काचेआडची मासळी सोडून कोळिणीच्या टोपलीकडे जावे आणि जाताना मुलाच्या कंपासपेटीतील पट्टी पिशवीत टाकावी. पहिल्या वेळी मासळीवाली हसेल, कदाचित चार शब्दही सुनावील. पण गिऱ्हाइके अशीच वागू लागली, तर पहाटे बंदरावरच्या लिलावात बोली लावताना ती लहान पापलेटांच्या ढिगापाशी थांबणार नाही.